बेदाण्याच्या शेडमध्ये ळ

शाळेच्या दोन्ही खोल्यांना अजून फिनेलचा वास आहे.
दुसरीच्या वर्गात, सातच्या पाढ्याशेजारी
कुणीतरी नखाने रेघा ओढल्यात, रोजची एक,
अकरापर्यंत.
विलगीकरण चौदा दिवसांचं असायचं.
रेघा कुणाच्या, मी विचारलं नाही.
नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे.

परिपत्रकात लिहिलंय: खेळती हवा.
खिडक्या दोन. एक उघडत नाही,
दुसरीत आग्या मोहोळ बसलंय दीड वर्षाचं.
मी सरपंचांकडे निघाले होते,
वाटेत बाळगोंडा अण्णा म्हणाले,
"बाई, माझं शेड मोकळंच हाय की संक्रांत होईस्तोवर.
द्राक्ष कुजत न्हाई तिथं, पोरं कशी कुजतील?"

फळा एम-एटीवर आडवा बांधून आणला.
जाळ्या वर गुंडाळल्या, खाली शेणकाला झाला.
गंधकाचा वास मात्र हलत नाही;
पहिल्या दिवशी सगळीच शिंकली
आणि मी दचकून टेप हातात धरून उभी.
खांब ते खांब आठ फूट.
सरकारला सहा पुरतात.

खांब चौदा, पोरं सव्वीस.
म्हणून आज सम, उद्या विषम.
कोळेकरांच्या जुळ्या हजेरीत अकरा आणि बारा:
गीतांजली येते तेव्हा स्वरांजली घरी,
एकच गणवेश दोघींना पुरतो.
त्यांची आई म्हणाली, असंच राहू दे बाई वर्षभर.

तापमानाची बंदूक कपाळाशी नेली
की पोरं डोळे घट्ट मिटतात.
बंदूक सगळ्यांना चौऱ्याण्णवच दाखवते,
अण्णांच्या बैलालाही.
मी तळहात लावून बघते नंतर,
मग हात धुते, मग पुढचं मूल, मग हात.
अकरा वाजतात यातच.

संमतीपत्रं आली. एकावर फक्त अंगठा.
एकावर पेन्सिलीने:
पाठवतो. त्याच्या आज्याला तिथंच ठेवलं होतं,
त्याला शाळेत नेऊ नका, शेडातच बसवा.

इकरा दुसरीत आहे आणि शाळेत पहिल्यांदाच आलीय.
पहिली तिने मामाच्या मोबाईलवर केली,
रेंज असेल तेवढी.
ती "शाला" म्हणते. "फला". "बालगोंडा अन्ना".
ळ सांगून येत नाही कुणाला.
जीभ मागे वळवून टाळूला लावायची, तिथून सोडायची,
हे दाखवावं लागतं,
आणि माझं तोंड नाकापासून हनुवटीपर्यंत
निळ्या कापडात.

फळ्यावर तोंडाचं चित्र काढलं. बेडूक झाला.

मग मी शेडमधून बाहेर पडले,
शेवटचा खांब ओलांडून बागेच्या बांधापर्यंत.
चाळीस पावलं मोजली.
मागे वेलींवर मणी ज्वारीएवढे.
वारा आडवा होता, त्यांच्याकडून माझ्याकडे नाही,
माझ्याकडून त्यांच्याकडे नाही.
तेवढी खात्री करून मास्क खाली ओढला
आणि उन्हात आ केला.

तेरा माना लांब झाल्या.
मला कळलं, ळ कुणी बघत नाहीये.
ती माझं तोंड बघतायत, पहिल्यांदा.
रणधीर ओरडला, "बाईंचा दात पुढं हाय!"
हसणं ऐकू आलं नाही एवढ्या लांबून.
खांदे हलताना दिसले,
आणि तेरा मास्क फुगताना.

मी जीभ वळवली. बोटाने दाखवली. सोडली.
पुन्हा वळवली.
पलीकडच्या बागेत औषध मारणारा माणूस
पंप बंद करून माझ्याकडे बघत राहिला.

इकरा आपल्या खांबाला पाठ टेकून उभी राहिली,
मास्क आत ओढला गेला, थांबला,
मग बाहेर आला.
काय म्हणाली ते वाऱ्याने नेलं.

संध्याकाळी निरीक्षणवहीत लिहिलं: इकरा मुल्ला, ळ.
पुढे "येतो" लिहावं का, ठरेना.
जागा सोडून ठेवली.

उद्या विषम क्रमांक.
पुन्हा चाळीस पावलं.